गाडगेबाबांची पंगत आणि दारूचा गुत्ता

गरिबाच्या हातात पैसा देऊ नका, तो दारूत उडवील, असे सांगणारी माणसे आपल्याकडे पायलीला पन्नास मिळतात. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये टाकायला सुरुवात केली, तेव्हाही हाच सूर निघाला. बाईला पैसे मिळतील आणि नवरा ते गुत्त्यावर नेऊन ओतील! निराधारांचे अनुदान असो, रेशनचे धान्य असो, घरकुलाचा हप्ता असो, प्रत्येक वेळी हीच हाकाटी. विशेष म्हणजे ही हाकाटी करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या घरात संध्याकाळी बाटली उघडली जाते. पण त्यांना मिळणारी कर्जमाफी, करसवलत किंवा भूखंड दारूत जाईल, अशी शंका कोणी घेत नाही. शंका घ्यायची ती फक्त गरिबाबद्दल!

दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही कार्यकर्ते आहेत. वस्तीतल्या दारूचा विषय काढला की त्यांना तो समाजाची बदनामी वाटतो. गरिबीमुळे माणूस पितो, गरिबी गेली की दारू जाईल, एवढे बोलून ते मोकळे होतात. तोपर्यंत वस्तीतल्या चाळिशीच्या आतल्या विधवा मोजायच्या कोणी?

या दोन्ही बाजूंना उत्तर देणारा एक माणूस याच महाराष्ट्रात होऊन गेला. तो स्वतः दारूने मेलेल्या बापाचा मुलगा होता. त्याने आयुष्यभर दारूवर कोरडे ओढले आणि आयुष्यभर भुकेल्यांना जेवू घातले. या दोन कामांत त्याला कधी विरोध दिसला नाही. त्याचे नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. जगाने त्याला गाडगेबाबा म्हटले.

आज गाडगेबाबा म्हटले की लोकांना झाडू आठवतो. सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते चांगलेच झाले. पण त्या गडबडीत झाडू तेवढा उरला आणि तो धरणारा हात विस्मरणात गेला. म्हणून हे चरित्र पुन्हा एकदा, पण दारूच्या गुत्त्यापासून सुरुवात करून वाचले पाहिजे.

देबूचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. जात परीट. गावाची मळकी धुणी धुवायची आणि त्या बदल्यात गाव देईल ते घ्यायचे, अशा बलुतेदारीत अडकलेली. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घर तसे उपाशी नव्हते. पण झिंगराजींना दारूची सवय लागली आणि घराला उतरती कळा लागली.

ही सवय लागली कशी, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. झिंगराजी काही चैन करायला गुत्त्यावर गेले नव्हते. त्या काळी वऱ्हाडातल्या अनेक जातींत देवाला बोकड कापायचा, दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि मग ती सगळ्यांनी प्यायची, अशी रीत होती. बारसे असो, लग्न असो की मर्तिक असो, जातीची पंगत दारूशिवाय उठत नसे. जो पाजणार नाही तो जातीत हलका. म्हणजे दारू घरात शिरली ती धर्माच्या दाराने आणि जातीच्या हुकुमाने! गुत्तेवाला नंतर आला. देवाने आधी चव लावून दिली, जातीने ती सक्तीची केली, गुत्तेवाल्याने उधारीवर पुरवली आणि सावकाराने त्या उधारीचा कागद करून घेतला. चौघांनी मिळून एका कष्टकऱ्याला संपवले आणि नाव मात्र एकट्या झिंगराजींचे झाले, दारुड्या म्हणून!

शिवाय पाचवा वाटेकरी होता तो म्हणजे सरकार. इंग्रज सरकारची तिजोरी अबकारीच्या उत्पन्नावर भरत होती. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दारूचे दुकान ही सार्वजनिक आरोग्याची आणि गरिबांच्या संसाराची बाब आहे, हे जोतीरावांनी ओळखले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८४ साली, तिकडे वऱ्हाडात झिंगराजी दारूपायी गेले. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता. मरताना झिंगराजींना पश्चात्ताप झाला आणि या व्यसनापासून व त्या बोकड-दारूच्या देवपणापासून मुलाला दूर ठेव, असे त्यांनी सखूबाईंना बजावले, असे चरित्रकार सांगतात. बापाने मुलाला वारसा म्हणून काही ठेवले असेल तर तो हा एवढाच इशारा.

विधवा सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी माहेरी आली. मामा चंद्रभानजी यांच्या घरी देबू वाढू लागला. शाळेचा प्रश्नच नव्हता. गुरे राखायची, गोठा साफ करायचा, पुढे नांगर धरायचा. पोरगा कामाला वाघ निघाला. गुराख्यांच्या पोरांना जमवून तो भजने म्हणू लागला, आणि त्या मेळ्यात जात बघायची नाही हा त्याचा लहानपणापासूनचा बाणा होता.

मामाच्या घरात दारू नव्हती. तरीही ते घर बुडाले! कसे बुडाले? मामा निरक्षर, सावकारावर विश्वास टाकणारे. कर्ज फिटले की नाही, कागदावर काय लिहिले आहे, हे कळायचे साधन नाही. शेवटी सावकाराने जमीन घशात घातली आणि मामा त्या धक्क्याने खचून वारले. म्हणजे वयाच्या विशी-पंचविशीपर्यंत देबूने दोन कर्ती माणसे बुडताना पाहिली. एक दारूने, दुसरा कर्जाने. पिणारा बुडाला आणि न पिणाराही बुडाला! यातून त्याने जो धडा घेतला तो पुस्तकी पंडितांना आजही घेता आलेला नाही. गरिबाच्या दुःखाचे कारण दारू एवढेच नाही. दारू हा त्या दुःखाचा एक दरवाजा आहे. अज्ञान, कर्ज, जातीची इभ्रत आणि देवाधर्माचा खर्च हे बाकीचे दरवाजे. एकच बंद करून घर वाचत नाही.

१८९२ साली देबूचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला जात गोळा झाली. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. देबूने साफ नकार दिला आणि गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण जातपंचायतीचा वचक होता त्या काळात, मामाच्या आश्रयाला राहिलेल्या एका तरुणाने हे करणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे होते. लोक कुरकुरले, नावे ठेवली, पण जेवले. देबूला एक गोष्ट कळून चुकली. जातीची सक्ती मोडायला दरवेळी मोठा मोर्चा लागत नाही; घरचा यजमान ठाम असला तरी ती मोडते. गाडगेबाबांची व्यसनमुक्तीची चळवळ कोणत्या व्यासपीठावर सुरू झाली नाही. ती स्वतःच्या लेकीच्या बारशात सुरू झाली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूने घर सोडले. अंगावर फाटक्या चिंध्या, हातात काठी आणि खायला-प्यायला मातीचे फुटके गाडगे. पुढची बारा वर्षे तो गावोगाव भटकला. पण भटकणाऱ्या साधूंची जी जमात आपण जाणतो, तिच्यात आणि याच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. गावात शिरला की तो आधी झाडू मारायचा, गटार मोकळे करायचा, कुणाची लाकडे फोडून द्यायचा, अडलेली गाडी ढकलायचा, आणि मग त्या घामाच्या बदल्यात भाकरी मागायचा. फुकट खाणे त्याला मान्य नव्हते. पाया पडू पाहणाऱ्याला तो काठी दाखवायचा. त्याने शिष्य केले नाहीत, मठाची गादी चालवली नाही, गंडा-दोरा दिला नाही.

इथे एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे, कारण खरे चरित्र आरतीसारखे गायचे नसते. देबू घर सोडून गेला तेव्हा मागे बायको होती, लेकरे होती आणि म्हातारी सखूबाई होती. सखूबाईचा नवरा दारूने नेला आणि मुलगा लोकांच्या कामाने नेला. त्या माउलीच्या दृष्टीने दोन्ही वेळा घर रिकामेच झाले. पुढे बाबांच्या शब्दावर लाखो रुपये जमा होऊ लागले, तरी कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या, आणि संस्थांच्या पैशावर घरच्यांचा काडीचाही हक्क नाही, असे बाबांनी पक्के करून ठेवले. तरुण मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा ते कोकणात कीर्तनाला उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. समाजकार्याची किंमत घरातल्या बाईने चुकवायची, ही गोष्ट चळवळीतल्या माणसांना नवी नाही. बाबांचे मोठेपण सांगताना सखूबाई आणि कुंताबाई यांचे ऋण विसरता कामा नये.

आता त्यांच्या कीर्तनाकडे वळू. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे टाळ-मृदंगाच्या तालावर चालणारी लोकांची उलटतपासणी होती. ते प्रश्न विचारायचे आणि हजारोंचा समाज उत्तर द्यायचा. कर्ज काढून तीर्थाला का जाता? बोकड कापून नवस का फेडता? मेलेल्याच्या नावाने गावजेवण घालता, तो जिवंत होता तेव्हा त्याला औषध दिले होते का? दारू पिऊन कुणाचे भले झाले, एक तरी दाखवा. ताट विकून हातावर भाकरी घ्यावी लागली तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा ठेका होता. श्रोता हसता हसता अंतर्मुख व्हायचा. आपण सगळे मिळून आपल्यालाच लुटून घेत आहोत, हे त्याच्या ध्यानात यायचे.

नीट पाहिले तर बाबा दारूबद्दल बोलताना हिशेब मांडत. रोजची मजुरी किती, त्यातली दारूत किती, उरलेल्या पैशात लेकरांच्या ताटात काय पडते. पाप-पुण्य, नरकाची भीती, पुढचा जन्म यांचा बागुलबुवा त्यांनी उभा केला नाही. पिणाऱ्याला शिव्या घालून घरी बसवणे हा त्यांचा हेतू नव्हता. पिणारा समोर बसून ऐकत असे, म्हणून तर त्याच्याशी बोलता येत असे. त्यांचे देव-भजन आपल्याला पटो न पटो; पण देवाच्या नावाने उघडलेला दारूचा दरवाजा त्यांनी देवाच्याच कीर्तनात उभे राहून बंद केला, हे मान्य करावे लागते.

कीर्तनाची दुसरी बाजू म्हणजे पंगत. पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला पौष महिन्यात यात्रा भरते. तिथे त्यांनी घाट बांधला आणि आंधळ्या-पांगळ्यांना, कुष्ठरोग्यांना जेवण आणि वस्त्र द्यायला सुरुवात केली. नाशिकला धर्मशाळा आणि सदावर्त, आळंदी, देहू, पंढरपूर इथे धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण, ठिकठिकाणी शाळा आणि वसतिगृहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. खेड्यातून रोगी आणला तर बरोबरच्या माणसाने झोपायचे कुठे, चूल कुठे पेटवायची, हा प्रश्न सरकारच्या कागदावर नव्हता. तो एका निरक्षर माणसाला सुचला. हा सगळा कारभार पुढेही चालावा म्हणून १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब कर्करोग्यांना आसरा देत आली आहे.

या पंगतीत बसायला काय लागत असे? जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, आणि चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्रही नाही. भूक लागली आहे, एवढी पात्रता पुरेशी होती. कीर्तनात दारूवर आसूड ओढणारा हा माणूस पंगतीत वाढताना कोणाचे तोंड हुंगत फिरला नाही. सांगायचे ते कीर्तनात, वाढायचे ते पंगतीत. या दोन जागा त्याने कधी एक केल्या नाहीत. भाकरीला अट घातली की भाकरी ही लाच होते आणि उपदेश हा सौदा होतो. आजच्या कल्याणकारी योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या शहाण्यांनी गाडगेबाबांकडून शिकावे असे काही असेल तर ते हेच आहे.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही या कामाची सर्वांत बोलकी खूण. ज्या विठोबाच्या गावात अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायला जागा मिळत नसे, तिथे बाबांनी आपल्या लोकांसाठी इमारत उभी केली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंची धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या कामी आली! बाबासाहेबांना गाडगेबाबांबद्दल मनापासून आदर होता, आणि गाडगेबाबांना बाबासाहेब म्हणजे दलितांच्या पोरांनी समोर ठेवायचा आदर्श वाटत. शाळा शिकून माणूस केवढा होतो, हे सांगताना ते कीर्तनात बाबासाहेबांचेच नाव घेत. एक कोलंबिया आणि लंडनला शिकलेला, दुसरा अक्षरशत्रू. पण गरिबाला गुलाम कोण करतो, याविषयी दोघांचे निदान फारसे वेगळे नव्हते.

दारूच्या बाबतीत बाबासाहेबांची भूमिका काय होती, हे आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नसते. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी झाली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात हा विरोध स्पष्ट नोंदवलेला आहे. शिक्षणाला आणि आरोग्याला लागणारा पैसा सरकार या धोरणापायी गमावते आहे, वर पोलिसांवर खर्च वाढतो आहे आणि बंदीमुळे हातभट्टी घराघरांत शिरून बायका-मुलांपर्यंत दारू पोचते आहे, असा तो रोखठोक युक्तिवाद होता.

आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. मग यात विसंगती आहे काय? मुळीच नाही. कायद्याचा बडगा गरिबाच्या पाठीत बसतो आणि दारू मात्र सुटत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांना दिसत होते. माणूस स्वतःच्या मानाने, स्वतःच्या संकल्पाने आणि आपल्या माणसांच्या साथीने दारू सोडतो, हे मुक्तिदाते बाबासाहेब जाणत होते. गाडगेबाबांनी कीर्तनात जे केले तेच बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर केले. माणसाला त्याच्या माणूसपणाची आठवण करून दिली.

कायद्याने काय साधले आणि काय नाही, हे नंतरच्या काळात महाराष्ट्राने पाहिले आहे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरला महिलांच्या मोठ्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, ती २०२१ साली सरकारने उठवली. त्या महिलांच्या लढ्याचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. गडचिरोलीत आणि चंद्रपुरात बंदी मागणारी बाई ही दारूचा हिशेब स्वतःच्या पाठीवर मोजलेली बाई होती. पण ज्या गावांत बंदी नव्हती तिथेही स्वस्त विषारी दारूने माणसे मारली. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने १०० हून अधिक बळी घेतले. मेले ते सगळे हातावर पोट असणारे. श्रीमंताच्या ग्लासात मिथेनॉल सापडत नाही!

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गाडगेबाबांच्या काळात व्यसन हा आजार आहे, हे ज्ञान लोकांपर्यंत आलेले नव्हते. ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरल्याशिवाय राहत नाहीत, दारू एकदम बंद केली तर ज्याला झटके येतात, भास होतात, त्याला नुसते कीर्तन पुरत नाही. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागते, काही दिवस रुग्णालयात खाट लागते आणि पुढे कित्येक महिने सोबत लागते. अशा माणसाला रागाच्या भरात कोंडून ठेवून दारू तोडली तर त्याचा जीवही जाऊ शकतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ५ कोटी ७० लाख भारतीयांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले आहेत. ३८ मधले ३७ झिंगराजी अजून बिनऔषधाचे आहेत!

आणि सरकार काय करते? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला गेला. करवाढीने पिणे थोडे कमी होत असेल तर तिला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांनी तर असा पैसा शिक्षणाला आणि आरोग्याला मिळावा म्हणूनच युक्तिवाद केला होता. प्रश्न एवढाच आहे की, झिंगराजीच्या खिशातून निघालेल्या या पैशातले किती रुपये झिंगराजीच्या उपचाराला आणि देबूच्या शाळेला परत येतात? प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी किती खाटा आहेत? हा हिशेब विधिमंडळात कोणी मागत नाही. एका हाताने गुत्त्याचा परवाना द्यायचा, दुसऱ्या हाताने दीड हजार द्यायचे आणि तिसऱ्या तोंडाने गरीब दारुडा आहे म्हणून हिणवायचे, हा खेळ किती दिवस चालू द्यायचा?

राहिला प्रश्न मदतीचा पैसा दारूत जातो या आरोपाचा. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या अभ्यासकांनी जगभरच्या अशा योजनांवरील संशोधन एकत्र करून २०१४ साली तपासले. गरिबांना रोख मदत दिल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही. अर्थात एखाद्या घरात नवरा बायकोचे पैसे हिसकावून घेतो, हे खरे आहेच. पण त्यावर उपाय म्हणजे त्या बाईचे पैसे बंद करणे नव्हे! नवऱ्याला उपचार आणि बाईला संरक्षण, हा उपाय आहे. घराला आग लागली म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. दुसऱ्यांना दोष देताना आपल्या अंगणात झाडू मारलाच पाहिजे, कारण बाबांनी दुसऱ्याचे अंगणही आधी स्वतः झाडले. झिंगराजींना बोकडाच्या पंगतीने दारू लावली. आज आपल्या वस्तीत कोणती पंगत पोरांना दारू लावते? लग्नाची वरात, हळद, निवडणुकीतले वाटप, आणि लिहायला लाज वाटते, पण काही ठिकाणी १४ एप्रिलची मिरवणूकसुद्धा! २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणारा पोरगा हा कोणाचा विजय आहे? जातीच्या जुन्या पंगतीची जागा या नव्या पंगतीने घेतली, एवढाच याचा अर्थ. देबूने लेकीच्या बारशाला जे केले ते आपल्या जयंती मंडळांच्या अध्यक्षांना का करता येऊ नये? वर्गणीतला काही भाग व्यसनमुक्ती केंद्रात जाणाऱ्या माणसाच्या घरच्या किराण्यासाठी बाजूला का ठेवता येऊ नये? महिला मंडळाने दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितले तर तरुणांनी आडव्या बाटलीच्या बाजूने उभे का राहू नये? विहारात दर रविवारी वंदनेनंतर दारू सोडलेल्या माणसाला चार शब्द बोलायला का सांगू नये? याला सरकारी परवानगी लागत नाही.

आणि तोपर्यंत जो पितो आहे, त्याच्या घरी रेशन पोचले पाहिजे, त्याच्या पोराची शाळा चालू राहिली पाहिजे, त्याच्या बायकोचे अनुदान थांबता कामा नये. पंगतीतून कोणाला उठवायचे नाही. हे दोन्ही एकाच वेळी करता येते, कारण एका परटाच्या पोराने ते आयुष्यभर करून दाखवले आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ती बातमी गाडगेबाबांना फार लागली. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावला त्यांनीही देह ठेवला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला मिळाले, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांची खरी ओळख त्या दगडी पाटीवर लिहिलेली नाही. ती तिथे आहे, जिथे आठ वर्षांचा एक पोरगा दारूने मेलेल्या बापाच्या उशाशी बसला होता. असे पोरगे आजही प्रत्येक वस्तीत बसलेले आहेत. त्यातल्या एकाच्या जरी डोक्यावर हात ठेवून, त्याच्या बापाला शिवी न देता, त्याला शाळेपर्यंत आणि बापाला दवाखान्यापर्यंत नेता आले, तर तीच गाडगेबाबांना आणि बाबासाहेबांना खरी आदरांजली ठरेल.

जयभीम!